हुजूरपागा : एका कन्याशाळेची कथा

इंदूरकर वाचकाला 'पागा' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. होळकरशाहीच्या या शहरात पागनीसपागा नावाची वस्ती अजून नांदते आहे. ज्या राज्याचा पायाच घोड्यांच्या टापांवर घातला गेला, त्याच्या राजधानीत पागेचे नाव मागे उरावे, यात नवल नाही. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असे दोन प्रकार होते. सरकारी घोडी जेथे बांधली जात ती पागा; आणि पुण्यात खुद्द पेशव्यांच्या हुजुरातीकडील घोड्यांची जी पागा होती, ती हुजूरपागा. १८१८ साली पेशवाई बुडाली. घोडी गेली, स्वार गेले, नाव मात्र जागेला चिकटून राहिले. पुढे त्याच जागी मुलींची शाळा उभी राहिली आणि कागदोपत्री तिची नावे काहीही असोत, लोकांच्या तोंडी ती 'हुजूरपागा'च झाली. सैन्याच्या पागेचे नाव मुलींच्या शाळेला मिळावे, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोग आहे. परंतु त्या शाळेला जी लढाई द्यावी लागली ती पाहता हे नाव तिला अगदीच विजोड होते, असेही म्हणवत नाही.

माळव्यात चाललेल्या मराठी ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात पुण्याच्या एका शाळेची कथा कशासाठी, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचे उत्तर ग्रंथालयाच्या कपाटांतच मिळेल. समीक्षेच्या कपाटात कुसुमावती देशपांडे यांचे 'मराठी कादंबरी : पहिले शतक' असते, ललित आणि वैचारिक लेखनात इरावती कर्वे यांचे 'युगान्त' असते, कवितेच्या आणि आठवणींच्या कप्प्यात शांता शेळके असतात. वाचकांच्या हातून ही पुस्तके वर्षानुवर्षे फिरत आली आहेत. या तिघींचे पिंड वेगळे, वाटा वेगळ्या. एकीचे माहेर अमरावतीचे, दुसरीचा जन्म ब्रह्मदेशातला, तिसरीचा इंदापूरचा. परंतु तिघींच्या चरित्रांत एक पान समान आहे. तिघीही हुजूरपागेच्या विद्यार्थिनी.

मुलींना अक्षरओळख करून देणारी शाळा ही हुजूरपागेच्या फार आधी निघाली होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा सावित्रीबाईंना अंगावर शेणमाती झेलत शाळेत जावे लागले, हे आता सर्वश्रुत आहे. कलकत्त्यास १८४९ मध्ये बेथून शाळा निघाली. मुंबईत १८६३ साली माणकजी खरशेटजी यांनी मुलींसाठी अलेक्झांड्रा इन्स्टिट्यूशन काढले. पुण्यास १८७० मध्ये सरकारने शिक्षिका तयार करणारे फीमेल ट्रेनिंग कॉलेज उघडले. मग हुजूरपागेने वेगळे काय केले?

या प्रश्नाचे उत्तर पंचांगात आणि लग्नपत्रिकेत आहे. त्या काळच्या पांढरपेशा घरात मुलीचे लग्न आठव्या ते अकराव्या वर्षी होई. न्यायमूर्ती रानडे यांच्याशी रमाबाईंचे लग्न १८७३ च्या डिसेंबरात झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी बोहल्यावर चढल्या होत्या. मुळाक्षरे, बेरीज-वजाबाकी, पोथी वाचता येणे, एवढे शिक्षण या वयाच्या आत उरकत असे. त्यामुळे प्राथमिक शाळेला विरोध झाला तरी त्या शाळेने लग्नव्यवस्थेला थेट हात घातलेला नसे. मुलगी चार यत्ता शिकली आणि सासरी गेली, एवढ्यावर समाज फार तर कुरकुरत गप्प बसे. माध्यमिक शाळेचे तसे नव्हते. मराठी चौथी संपल्यावर इंग्रजी पहिलीपासून मॅट्रिकपर्यंतच्या सात यत्ता. म्हणजे दहा-अकरा ते सतरा-अठरा हे वय. ज्या वयात मुलीने सासरच्या चुलीपुढे बसायचे, नेमके तेच वय हायस्कूल मागत होते. हायस्कूल काढणे म्हणजे मुलीचे लग्न पुढे ढकला, असे समाजाला न बोलता सांगणे होते. किंवा लग्न झालेल्या मुलीला तिच्या सासरने शाळेत पाठवावे, अशी त्याहूनही अवघड मागणी करणे होते. हुजूरपागेच्या इतिहासातील सारे वाद या एका गाठीपाशी येऊन मिळतात.

ही शाळा ज्या महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटीने काढली, तिच्या संस्थापकांत वामन आबाजी मोडक, महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि शंकर पांडुरंग पंडित ही नावे अग्रभागी आहेत. यांतील पहिल्या तिघांचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ मध्ये बाहेर पडले. ते होते अवघे चार : रानडे, भांडारकर, मोडक आणि बाळ मंगेश वागळे. म्हणजे या प्रांतातील पहिल्या चार पदवीधरांपैकी तिघांनी पुढे मुलींच्या हायस्कुलासाठी हात घातला. विद्यापीठाने माणसाला काय दिले, हे ज्यांनी स्वतः अनुभवले होते, त्यांनीच तो दरवाजा मुलींसाठी उघडावा, ही गोष्ट बोलकी आहे. शंकर पांडुरंग पंडित हे संस्कृताचे व्यासंगी. तुकारामबोवांच्या गाथेच्या संपादनामुळे मराठी वाचकाला त्यांचे नाव परिचयाचे आहे. त्यांची कन्या क्षमाबाई पुढे पंडिता क्षमा राव या नावाने संस्कृत कवयित्री म्हणून प्रसिद्धीस आल्या. पुस्तकी विद्वत्ता आणि घरातल्या मुलीची विद्या यांची फारकत न मानणारी ही माणसे होती. प्रशासनातील सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारख्या उदारमतवादी इंग्रजांचेही या कार्याला पाठबळ होते.

काळही अनुकूल होत होता. १८८२ साली हंटर आयोग शिक्षणाची पाहणी करीत पुण्यास आला. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी आयोगापुढे साक्ष देऊन मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री तपासनीस यांची, तसेच स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाची मागणी केली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध झाले तेही याच वर्षी. कलकत्ता विद्यापीठातून कादंबिनी बसू (पुढे गांगुली) आणि चंद्रमुखी बसू या १८८३ मध्ये पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठानेही त्याच सुमारास आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. परंतु परीक्षा खुली झाली म्हणून परीक्षेला बसणारी मुलगी आपोआप निर्माण होत नाही. विद्यापीठाचे दार आणि मराठी चौथी यांच्यामध्ये सात यत्तांची दरी होती. त्या दरीवर पूल बांधण्याचे काम उरले होते.

तो पूल बांधण्याच्या प्रयत्नातील एक प्रसंग रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. शाळा सुरू होण्यापूर्वी पुण्याच्या हिराबागेत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या उपस्थितीत सभा भरली. मुलींसाठी हायस्कूल हवे, ही मागणी स्त्रियांच्या तोंडूनच सरकारच्या कानी जावी, असे ठरले आणि इंग्रजी भाषण वाचण्याचे काम रमाबाईंवर आले. भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. वाचणारी होती जेमतेम विशी ओलांडलेली, काही वर्षांपूर्वीच घरात इंग्रजी शिकू लागलेली सून. समोर युरोपियन आणि एतद्देशीय पुरुषांची सभा. त्या काळच्या प्रतिष्ठित हिंदू घरातील स्त्रीने अशा सभेत उभे राहणे, आणि तेही इंग्रजीतून बोलणे, ही पुण्याला न पचणारी गोष्ट होती.

सभेतील कसोटी काही मिनिटांत संपली. खरी कसोटी घरी वाट पाहत होती. रानड्यांच्या घरात सावत्र सासू, नणंद आणि इतर वडीलधाऱ्या बायका यांचे राज्य होते. सुनेचे शिकणे त्यांना मुळातच मान्य नव्हते. पुरुषांच्या सभेत उभे राहून इंग्रजी वाचणाऱ्या सुनेला मग जे ऐकून घ्यावे लागले, त्याचे वर्णन रमाबाईंनी कडवटपणाचा लवलेश न ठेवता केले आहे. उलट उत्तर न देता सोसावे आणि शिकणे मात्र सोडू नये, ही रानड्यांची रीत होती. आज ते पान वाचताना पत्नीने निमूटपणे सोसावे या अपेक्षेचाही विचार वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. पण एवढे खरे, की सरकारदरबारी अर्ज, वर्गणी आणि जागा या गोष्टी मिळवणे तुलनेने सोपे होते. माजघर जिंकणे अवघड होते आणि तेथे लढणारे कोणी न्यायमूर्ती नव्हते; त्या होत्या सुना आणि मुली.

१८८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीला शाळा सुरू झाली. त्याच ऑक्टोबरच्या २४ तारखेला पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि पुढील जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले. मुलग्यांसाठी कॉलेज आणि मुलींसाठी हायस्कूल, अशा दोन संस्था एकाच शहरात, एकाच वर्षाच्या अंतराने जन्मास आल्या. पहिलीच्या वाट्याला स्वदेशी शिक्षणाचा गौरव आला. दुसरीच्या वाट्याला आल्या शंका.

शाळेच्या सुरुवातीच्या काळात तिची व्यवस्था मिस हरफर्ड या इंग्रज बाईंकडे होती. रमाबाई रानडे यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. परधर्मी बाईच्या हाती आमच्या मुली, हा पहिला आक्षेप. दुसरा आणि अधिक खोल आक्षेप अभ्यासक्रमावर होता. हुजूरपागेत मुलींना इंग्रजी, गणित, इतिहास-भूगोल हे मुलांच्या हायस्कुलातील विषय शिकवायचे ठरले होते, कारण मॅट्रिकची परीक्षा मुलांना एक आणि मुलींना एक अशी दोन नव्हती. टिळकांच्या 'मराठा' पत्राने १८८७ मध्ये या अभ्यासक्रमावर आणि शाळेच्या वेळेवर टीका केली. मुलगी अकरा ते पाच शाळेत बसली तर घरकाम कधी शिकणार? तिला तीन तासांची शाळा पुरे. इंग्रजी आणि गणिताऐवजी देशी भाषा, नीतिशिक्षण, शिवणकाम हेच तिला उपयोगी, असा त्या टीकेचा रोख होता.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. टिळकपक्षाचा विरोध मुलीने अक्षर गिरवण्याला नव्हता. समाजाच्या घरगुती बाबींत परक्या सरकारच्या आणि मिशनऱ्यांच्या हातांनी सुधारणा होऊ नये, ही त्यांची भीती होती, आणि त्या काळच्या राजकारणात ती अगदीच निराधार नव्हती. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावरून १८९३ साली जे धर्मांतराचे वादळ उठले, त्यात खुद्द रानडे आणि भांडारकर यांनी त्या संस्थेच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अशा प्रसंगांनी मुलींच्या प्रत्येक शाळेकडे संशयाने पाहिले जाई. परंतु तीन तासांच्या शाळेचा आग्रह धरताना मुलीच्या दिवसावर तिच्या घराचा हक्क आधी आणि तिचा स्वतःचा नंतर, हे गृहीत धरलेले होते. वाद वरवर वेळापत्रकाचा दिसत होता, पण खाली प्रश्न होता तो मुलीचे आयुष्य कोणाच्या मालकीचे, हा.

या वादाची दुसरी बाजू मांडणारेही पुण्यातच होते, आणि ती मांडणारा माणूस टिळकांचा एकेकाळचा जिवलग सहकारी होता. १८८१ पासून १८८७ पर्यंत 'केसरी'चे संपादकत्व गोपाळ गणेश आगरकरांकडे होते. ते सोडल्यावर १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, इथपर्यंत आगरकरांची लेखणी गेली होती. त्यांच्या मानाने हुजूरपागेचे संस्थापक मवाळच म्हणायचे. त्यांनी एकत्र शिक्षणाचा आग्रह धरला नाही; मुलींची शाळा वेगळी ठेवली, घरांना धीर वाटेल अशी ठेवली. मात्र अभ्यासक्रमाच्या मुद्द्यावर ते मागे हटले नाहीत. शाळेत शिवण आणि गायनासारखे विषय असू शकत होते, पण मॅट्रिकचे ध्येय सुटले नाही. शाळेच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय कोणता, असे विचारल्यास तो हाच.

हा प्रश्न पुढेही मिटला नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा मातृभाषेचे माध्यम आणि स्त्रियांच्या जीवनाला जवळचे विषय, हा वेगळा मार्ग त्यांनी निवडला. इंग्रजी माध्यमाच्या ओझ्याखाली मुलगी दबून जाऊ नये, हा त्यामागचा कळवळा होता. हुजूरपागेची वाट आणि हिंगण्याची वाट या दोन्ही वाटांनी मराठी स्त्री पुढे गेली. कोणती श्रेष्ठ, हा वाद आता इतिहासजमा झाला आहे. विद्यापीठाच्या सामान्य परीक्षेत मुलांच्या बरोबरीने उतरण्याचा हक्क एका वाटेने मिळाला. जिला ती परीक्षा परवडत नव्हती तिला दुसऱ्या वाटेने आधार मिळाला.

हुजूरपागेच्या जीवनात वर्गाइतकेच महत्त्व वसतिगृहाला आहे. परगावच्या मुलीला पुण्यात राहण्याची सोय नसती, तर ही शाळा पुण्याच्या काही पेठांपुरती राहिली असती. त्या काळी मुलगी घराबाहेर झोपते ती माहेरी, सासरी नाहीतर तीर्थयात्रेत. शिक्षणासाठी तिला परक्या गावी, परक्या छपराखाली ठेवणे ही कल्पनाच नवी होती. नोकरीधंद्यानिमित्त दूर गेलेल्या मराठी कुटुंबांना मात्र या सोयीचे मोल लगेच कळले.

इरावती कर्वे यांचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर ब्रह्मदेशात नोकरीस होते. तेथे १९०५ साली जन्मलेल्या या मुलीचे नावही तेथील नदीवरून ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. शाळेत रँग्लर परांजपे यांची कन्या शकुंतला हिच्याशी तिची मैत्री जुळली आणि त्या मैत्रीतून परांजप्यांचे घर तिला दुसरे घर म्हणून लाभले. पुस्तकांनी भरलेल्या, वादविवादांनी गजबजलेल्या त्या घराने या मुलीच्या बुद्धीला वळण दिले. पुढे फर्ग्युसन कॉलेज, मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास, १९३० मध्ये बर्लिनची पीएच.डी. आणि मग डेक्कन कॉलेजातील दीर्घ संशोधन, असा हा प्रवास झाला. 'युगान्त'ला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाभारतातील कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे पूजेच्या नव्हे तर चौकसपणाच्या नजरेने पाहणारी ही लेखिका ब्रह्मदेशातून पुण्यास आली ती एका वसतिगृहाच्या भरवशावर.

अमरावतीच्या कुसुम जयवंत यांचेही तसेच. १९०४ मध्ये जन्मलेल्या कुसुमावतींनी हुजूरपागेतून १९२१ साली शालेय शिक्षण पुरे केले. पुढे नागपूर आणि नंतर लंडनचे वेस्टफील्ड कॉलेज येथे त्या शिकल्या आणि नागपुरास इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या. कवी अनिल तथा आत्माराम रावजी देशपांडे यांच्याशी त्यांचा विवाह १९२९ मध्ये झाला. त्या दोघांचा विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नावाने पुढे प्रसिद्ध झाला. शिकलेल्या मुलीने स्वतःचा जोडीदार स्वतः निवडावा आणि त्याला बरोबरीच्या नात्याने पत्रे लिहावीत, ही १८८४ च्या पुण्यातील टीकाकारांनी वर्तवलेली भीती होती. ती खरी ठरली. आणि मराठीला एक सुंदर पुस्तक मिळाले.

शांता शेळके या दोघींच्या नंतरच्या पिढीतल्या. १९२२ साली इंदापुरास जन्मलेल्या शांताबाईंनी हुजूरपागेतून सर परशुरामभाऊ महाविद्यालयाची वाट धरली. आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग'मधील पत्रकारिता, नागपूर-मुंबईच्या महाविद्यालयांतील अध्यापन, कविता, गीते, अनुवाद, बालसाहित्य असा त्यांचा संसार विस्तारला. इरावतीबाईंच्या काळी मुलीचे शिकणे ही घराची विशेष गोष्ट होती. शांताबाईंच्या काळी ती निदान शहरी मध्यमवर्गात रुळू लागली होती. १९२९ साली शारदा कायदा होऊन मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. हायस्कूल जे वय मागत होते, त्यातले निदान काही कायद्यानेच मोकळे केले. शाळेने जे पंचेचाळीस वर्षांपूर्वी न बोलता सांगितले होते, ते कायद्याने उशिरा आणि अर्धवट का होईना, मान्य केले.

मात्र शाळेचे गुणगान करताना तिच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. आरंभीच्या काळात हुजूरपागेत येणाऱ्या मुली बहुतांशी शिकलेल्या, नोकरदार, उच्चवर्णीय घरांतल्या होत्या. हंटर आयोगाला १८८२ मध्ये दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो आणि शेतकऱ्या-कष्टकऱ्यांची मुले प्राथमिक शाळेलाही मुकतात, अशी तक्रार केली होती. ती तक्रार मुलींच्या हायस्कुलालाही लागू पडत होती. ज्या घरात मुलगी सहाव्या वर्षापासून धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शेतावर जाते, त्या घराला मॅट्रिकच्या वादाचे काय? हा प्रश्न १९२० साली पुन्हा उभा राहिला. पुणे नगरपालिकेने प्राथमिक शिक्षण सक्तीचे करताना ते मुलांपुरते करावे की मुलींनाही लागू करावे, यावरून शहर दुभंगले. मुलींना वगळू नका म्हणून स्त्रियांना घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या रमाबाई रानडे. हिराबागेत लिहून दिलेले भाषण वाचणारी सून आता साठीकडे झुकलेली, सेवासदनासारखी संस्था उभी करणारी पुढारी झाली होती आणि तिची मागणी आता केवळ हायस्कुलाची राहिली नव्हती; प्रत्येक मुलीच्या पहिल्या यत्तेची झाली होती. छत्तीस वर्षांत झालेला हा बदल हुजूरपागेच्या इतिहासाइतकाच मोलाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर मुलींचे शाळेत जाणे वादाचा विषय उरले नाही. मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली, इंग्रजी माध्यमाची जागा मराठीने घेतली, संस्थेचा पसारा वाढला. शाळेच्या अधिकृत नावात एच. एच. सी. पी. ही आद्याक्षरे आली, तरी लक्ष्मी रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला 'हुजूरपागा' एवढेच सांगावे लागते. १९८४ मध्ये शाळेने शंभर आणि २०२४ मध्ये एकशे चाळीस वर्षे पूर्ण केली. एकाच घरातील आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या या शाळेत शिकाव्यात, यात पुणेकरांना आता विशेष वाटत नाही. एखाद्या सुधारणेचे यश याहून वेगळे ते काय असणार?

या कथेचा माळव्याशी असलेला धागा आता पाहिला पाहिजे. मराठी साहित्य संमेलनांची परंपरा १८७८ साली सुरू झाली. स्त्रीला अध्यक्षपद मिळायला त्र्याऐंशी वर्षे लागली. १९६१ साली तो मान कुसुमावती देशपांडे यांना मिळाला आणि ते संमेलन भरले होते ग्वाल्हेरीस, मराठी मुलखाबाहेर. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या निवर्तल्या. दुसरा मान दुर्गा भागवत यांना १९७५ मध्ये कऱ्हाडास मिळाला. त्यांचा जन्म इंदूरचा. तिसऱ्या अध्यक्ष शांता शेळके, १९९६ मध्ये आळंदीस. चौथ्या विजया राजाध्यक्ष. त्यांचे २००१ सालचे संमेलन इंदुरातच भरले. पुढे २०१९ मध्ये यवतमाळास अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीस तारा भवाळकर यांना हा मान मिळाला. या सहा जणींपैकी दोघी हुजूरपागेच्या आणि पहिल्या चौघींपैकी तिघींच्या नावाशी इंदूर-ग्वाल्हेरचा संबंध. गंगथडीपासून दूर राहिलेल्या मराठी माणसांनी लेखिकेचा मान ओळखण्यात उणेपणा दाखवला नाही, याचे समाधान येथील वाचकाने मानावे.

दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनी कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांचा जन्मही इंदूरचाच. त्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी नव्हेत. पण त्यांची हकीकत या शाळेच्या कथेला पुरवणी जोडते. मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊनही १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना प्रवेश नाकारला गेला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. सर सी. व्ही. रामन यांच्यासमोर त्यांनी सत्याग्रहाची भूमिका घेतली, तेव्हा अटींसह प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून पुढे संस्थेला आपले मत बदलावे लागले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या. हुजूरपागा निघून अर्धशतक लोटल्यावरही विज्ञानाच्या दारात मुलीला उभे राहावे लागत होते. प्राथमिक शाळेचे दार, हायस्कुलाचे दार, विद्यापीठाचे दार, प्रयोगशाळेचे दार. एक उघडले की पुढचे बंद आढळे. मात्र पुढच्या दारापर्यंत पोचण्यासाठी आधीचे कोणीतरी उघडून ठेवलेले असावे लागते.

इंदुरातही अहिल्याश्रमासारख्या कन्याशाळांनी हे दार पिढ्यान्पिढ्या उघडे ठेवले. अहिल्यादेवींच्या नगरीत मुलींच्या शाळेला त्यांचे नाव असावे, हे स्वाभाविकच आहे. चौंडीच्या त्या मुलीला लिहिणे-वाचणे आले ते घरी. तिच्यासाठी शाळा नव्हती. तरीही तिने राज्य केले, हे सांगून मुलींना शाळेची गरज नाही असे म्हणणारे पूर्वी होते. असामान्य व्यक्ती शाळेवाचून मोठी होते; शाळा असते ती सामान्य मुलीसाठी, हे त्याचे उत्तर.

ते उत्तर परदेशीपुऱ्यासारख्या वस्तीला सर्वाधिक कळते. या वस्तीच्या नावातच परमुलुखातून पोटासाठी आलेल्या माणसांची ओळख आहे. गिरण्यांच्या आश्रयाने येथे उत्तर हिंदुस्थानी आणि मराठी कुटुंबे शेजारी नांदली. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली, एकामागून एक भोंगे थांबले, आणि घरचा पगार थांबल्यावर पहिली काट कोठे बसते हे अशा वस्त्यांना कोणी सांगावे लागत नाही. मुलाची फी भरायची की मुलीची, हा प्रश्न १८८४ मध्ये संपला नव्हता. तो कष्टकरी घरांत दर जूनमध्ये नव्याने उभा राहतो. तीन तास पुरेत, चार यत्ता पुरेत, दहावी पुरे : 'पुरे' म्हणण्याची रेघ तेवढी पुढे सरकली आहे.

ग्रंथालय आणि शाळा यांचे नाते येथेच कळते. शाळा मुलीला वाचायला शिकवते आणि एका दिवशी निरोप देते. ग्रंथालय निरोप देत नाही. लग्न झाले, नोकरी लागली, गाव सुटले, संसार संपला, तरी वर्गणीचे कार्ड चालू राहते. सात यत्तांसाठी रानडे-मोडक-भांडारकरांनी जो आग्रह धरला त्याचे पुढले वर्ग ग्रंथालयात भरतात, आणि त्यांना वयाची अट नाही. माळव्यातील एखाद्या मराठी ग्रंथालयात दुपारच्या वेळी एखादी आजी 'युगान्त' परत करून शांताबाईंचे पुस्तक मागते आणि शेजारी एखादी शाळकरी मुलगी आपले पहिले पुस्तक नावावर लिहून घेते, तेव्हा पुण्याच्या त्या जुन्या पागेतील शाळा पुण्याबाहेरही चालू असते.